घड्याळ गोल दिसलं पाहिजे : गॅरी कूपरविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही अमेरिकन काउबॉयपटांचा नायक गॅरी कूपर याच्यावर लिहिलं होतं आणि त्याचा ‘हाय नून’ (१९५२) मे महिन्याच्या सुट्टीत चार माणसं जमवून बघा, असं सुचवलं होतं. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. विल केन (कूपर) हा मार्शल, म्हणजे गावचा कायदा राखणारा अधिकारी, लग्न करून नोकरी सोडतो, त्याच दिवशी त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटून दुपारी बाराच्या गाडीने गावात येतोय असं कळतं. मिलरचे तीन साथीदार स्टेशनवर वाट बघत बसलेत. केन गावात दारोदार मदत मागतो आणि कोणीही येत नाही. ८५ मिनिटांचा चित्रपट, आणि पडद्यावरची वेळही जवळजवळ तेवढीच. यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

मी दशावतारात काम करतो. ‘हाय नून’ पाहिला. आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, ‘ह्यो तर कायच करणा नाय, मगे ह्येका बक्षीस कित्याक?’ खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. (वाचक, कुडाळ)

या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा देतोय, कारण कूपरचं सगळं काम याच प्रश्नात आहे.

दशावतारात तुम्हाला मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं असतं. मध्ये पन्नास-साठ फूट, वर पखवाज आणि झांज, संवाद लिहिलेला नाही, पहाट होईपर्यंत खेळ. तिथे भुवई उडवायची तर रंगाने रेखलेली भुवईच उडायला हवी. हात उचलला तर खांद्यापासून उचलावा लागतो. हे सगळं अंतरामुळे ठरतं. कॅमेऱ्याने ते अंतरच काढून टाकलं. हिशेब करून बघा. सहा फूट उंच पडद्यावर जवळून घेतलेला चेहरा साधारण चार फुटांचा दिसतो. खरा चेहरा आठ इंचांचा. म्हणजे प्रत्येक हालचाल सहापट. पापणी एक मिलिमीटर हलली तर पडद्यावर ती सहा मिलिमीटर हलते, आणि मागच्या बाकावरही ते कळतं. एवढ्या जवळून कोणी खांद्यापासून हात उचलला तर तो वेडावून दाखवतोय असं वाटतं.

कूपरला हे फार लवकर कळलं. त्याच्याबरोबर काम केलेल्या दिग्दर्शकांचा अनुभव एकसारखा आहे. सेटवर बघताना वाटायचं की याने काही केलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी धुऊन आलेली फिल्म पाहिली की सगळं तिथे असायचं. ‘हाय नून’च्या वेळी तो पन्नास वर्षांचा होता. दिग्दर्शक फ्रेड झिनेमन आणि छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बी यांनी त्याचा चेहरा मेकअपने गुळगुळीत केला नाही. त्या काळात त्याला पोटातल्या अल्सरचा त्रास होता आणि कमरेचं जुनं दुखणं होतं. तोंडावरच्या सुरकुत्या खऱ्या आहेत, आणि चालताना होणारा त्रासही.

आता चित्रपट पुन्हा लावा आणि फक्त दोन जागा बघा. पहिली, केन मित्राच्या दारात जातो ती. मित्र आतल्या खोलीत लपलाय आणि बायको ‘घरी नाहीत’ म्हणते. केनला कळलंय की ती खोटं बोलते आहे. तो तिला खोटी पाडत नाही, आवाज चढवत नाही. जरा थांबतो आणि निघतो. त्या थांबण्यात त्याने तिची लाजही पाहिली आणि मित्राची भीतीही. दुसरी जागा म्हणजे कचेरीतली. मदतीला येतो म्हणालेला शेवटचा माणूसही कच खाऊन परत गेला, आणि केन टेबलावर डोकं टेकवतो. गावाचा मार्शल, काउबॉयपटाचा नायक, आणि तो मोडून पडलाय. तेवढ्यात एक पोरगा आत येतो नि केनला मान वर करावी लागते. मान वर होताना चेहरा कसा परत ‘मार्शलचा’ होतो, तेवढंच बघा. ऑस्कर त्याला मिळालं ते याच कामासाठी.

तुम्ही नट आहात म्हणून एक सराव सांगतो. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, तीन फुटांवर ठेवा. सहकाऱ्याला कॅमेऱ्याशेजारी उभं करा आणि त्याला एक वाईट बातमी सांगायला सांगा. तुमचं उत्तर एकच वाक्य असू दे. बातमी ऐकली की मनात दोन अंक मोजा आणि मग बोला. पूर्ण वेळ त्याच्या एकाच डोळ्यात बघा. दोन डोळ्यांत आळीपाळीने बघितलं की जवळच्या चित्रात बुबुळं लंबकासारखी हलतात. पहिल्या चार-पाच खेपांना तुमचा चेहरा कोरा दिसेल. त्याचं कारण असं की तुम्ही अंक मोजता आहात, ऐकत नाही आहात. मोजणं सोडून ऐकायला लागलात की तेच दोन सेकंद भरतात. कूपरचं थांबणं हे नेहमी काहीतरी ऐकून थांबणं असतं. हे दशावतारात जसंच्या तसं वापरू नका, तिथे ते पोचणारच नाही. पण दोन प्रवेशांमध्ये राजा सिंहासनावर नुसता बसलेला असतो तेव्हा ऐकण्याची ही सवय उपयोगी पडते.

तो खरोखर काउबॉय होता, की हॉलिवूडने बनवलेला? (वाचक, रत्नागिरी)

दोन्ही, आणि त्यात इंग्रजी शाळाही मिसळलेली आहे. मूळ नाव फ्रँक जेम्स कूपर. जन्म ७ मे १९०१, मोंटाना राज्यातल्या हेलेना गावी. आईवडील दोघंही इंग्लंडहून आलेले. वडील वकील होते, पुढे मोंटानाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. १९०६ मध्ये त्यांनी हेलेनापासून पन्नास मैलांवर ६०० एकरांचं गुरांचं कुरण घेतलं. सुट्ट्या तिथे जात, त्यामुळे घोडा आणि गुरं त्याने लहानपणीच हाताळली. पण पोरं रांगडी होतील या भीतीने आईने त्याला आणि भावाला १९१० ते १९१२ इंग्लंडात डन्स्टेबलच्या शाळेत ठेवलं. पडद्यावर तो इतका अदबशीर का वाटतो, याचं थोडं उत्तर इथे सापडतं.

त्याला व्हायचं होतं चित्रकार. आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजात तो चित्रकला शिकला, व्यंगचित्रं काढली. १९२४ च्या अखेरीस आईवडिलांकडे लॉस एंजेलिसला आला, काम मिळेना, तेव्हा मोंटानाचे ओळखीचे दोघे भेटले. ते सिनेमात रोजंदारीवर घोड्यावरून पडायचं काम करत होते. कूपरही तेच करू लागला. म्हणजे काउबॉयपटात तो आला तो नायक म्हणून नाही, गर्दीतला स्वार म्हणून. फ्रँक कूपर नावाचे नट आधीच होते, म्हणून कामं मिळवून देणाऱ्या नॅन कॉलिन्स या बाईंनी त्याला ‘गॅरी’ हे नाव दिलं. इंडियाना राज्यातल्या गॅरी या पोलादाच्या गावावरून.

पहिली मोठी संधी १९२६ मध्ये ‘द विनिंग ऑफ बार्बरा वर्थ’मध्ये मिळाली. पुढच्याच वर्षी ‘विंग्ज’मध्ये तो जेमतेम काही मिनिटं दिसतो. शिकाऊ वैमानिक, हातात चॉकलेट. दोन नव्या पोरांशी बोलता बोलता एक घास घेतो, उरलेलं टाकतो, बाहेर जातो आणि विमान कोसळून मरतो. कोसळणं आपण बघत नाही, फक्त अर्धवट खाल्लेलं चॉकलेट उरतं. मूकपट आहे, त्यामुळे आवाजाची मदत नाही. इंटरनेटवर तेवढाच तुकडा मिळाला तरी बघा. तेवढ्याशा वेळात माणूस नट म्हणून कसा लक्षात राहतो ते तिथे कळतं.

बोलपट आल्यावर अनेकांची कारकीर्द संपली, याची सुरू झाली. ‘द व्हर्जिनियन’ (१९२९) मध्ये पत्त्यांच्या टेबलावर खलनायक शिवी देतो आणि कूपर आवाज न वाढवता त्याला ती हसून द्यायला सांगतो. हळू बोलणारा माणूस जास्त धोक्याचा, हा काउबॉयपटांचा शिरस्ता त्या टेबलावर पक्का झाला असं आम्ही मानतो.

तो जरा तिरका चालतो आणि घोड्यावरही एका अंगाला झुकलेला दिसतो. हा अभिनय आहे का? (वाचक, गुहागर)

नाही, ती दुखापत आहे. पंधराव्या वर्षी मोटारीच्या अपघातात कमरेच्या सांध्याला मार बसला. डॉक्टरांनी व्यायाम म्हणून घोडेस्वारी सांगितली. आज कोणी असा सल्ला देणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. सांधा तसाच जुळला, चाल आखडली आणि खोगिरावरची बैठक कायमची तिरकी झाली. ‘हाय नून’मध्ये केन घोड्यावर जवळजवळ नाहीच, तो चालतो. रिकाम्या रस्त्यावरून पुन्हा पुन्हा चालतो, आणि प्रत्येक खेपेला आधीपेक्षा थकलेला दिसतो. दिग्दर्शकाने दुखणं लपवलं नाही, कामाला लावलं.

वाडीत शाळेचा जुना प्रोजेक्टर आणून ‘हाय नून’ दाखवला. माणसं ठेंगणी-जाडी दिसत होती, पडदा वाऱ्याने फडफडला, आवाज कोणाला कळला नाही आणि मध्येच वीज गेली. काय चुकलं? (वाचक, देवगड)

जाड माणसांपासून सुरुवात करू. ‘हाय नून’चं चित्र जवळजवळ चौकोनी आहे, उंची १ तर रुंदी १.३७. आजचे टीव्ही आणि लॅपटॉप १६ : ९ चे असतात. ‘फुल’ किंवा ‘वाइड’ निवडलं की तेच चित्र आडवं ताणलं जातं आणि माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. तुमचा शाळेचा जुना प्रोजेक्टर १०२४ × ७६८ चा असेल, तर तो ४ : ३ चा आहे आणि या चित्रपटासाठी नव्या महागड्या प्रोजेक्टरपेक्षा बरा आहे. प्लेअरमध्ये ‘ओरिजिनल’ किंवा ‘४ : ३’ निवडा. चारही बाजूंनी काळी चौकट दिसत असेल तर फाइलीतच काळ्या पट्ट्या भरलेल्या आहेत. व्हीएलसी या प्लेअरमध्ये ‘सी’ ही कळ दाबत राहा, ४ : ३ आलं की पट्ट्या कापल्या जातात. ‘ए’ ही कळ चित्र ताणते, तिला हात लावू नका.

तपासायचं कसं? या चित्रपटात भिंतीवरची घड्याळं सारखी दिसतात. एखादं समोरून दिसलं की थांबवा आणि पडद्यावर मोजपट्टी लावा. तबकडीचा आडवा आणि उभा व्यास सारखा आला पाहिजे. उभा ३० सेंटिमीटर आणि आडवा ४० आला, तर मांडणी चुकली आहे. खेळाच्या आधी हे दोन मिनिटांचं काम आहे.

पडदा आठ फूट रुंद, सहा फूट उंच ठेवा. एवढ्या चित्रासाठी असा प्रोजेक्टर साधारण १२ ते १४ फुटांवर लागतो. प्रोजेक्टर जमिनीवर ठेवून वर तिरपा केला की चित्र वरून रुंद होतं, मग लोक प्रोजेक्टरमधल्या ‘कीस्टोन’ या सोयीने ते सरळ करतात आणि चित्राचा रेखीवपणा जातो. त्यापेक्षा टेबलावर टेबल चढवा.

माडांना पडदा बांधू नका. माड डुलतो आणि चित्रही डुलतं, शिवाय खाली माणसं बसणार आणि वर नारळ. कापडी पडदा समुद्रावरच्या वाऱ्यात शिडासारखा भरतो. तो बांबूच्या चौकटीत बसवा, चौकट घराच्या भिंतीला टेका आणि कापडाची भोकं सुतळीने न ताणता सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा. रबर ताण घेतं आणि सोडतं, कापड फाटत नाही. भिंत सपाट असेल तर पडद्याचीही गरज नाही. चुन्याची किंवा डिस्टेंपरची पांढरी भिंत उत्तम, ऑइलपेंटची मात्र चमकते.

मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, आकाश साडेसातपर्यंत उजळ असतं. पावणेआठला सुरू करा. ‘हाय नून’ पूर्णपणे दिवसाउजेडी घडतो, त्यामुळे थोडा बाहेरचा उजेड त्याला सोसतो. अंधाऱ्या खोल्यांचे प्रसंग असलेला चित्रपट मात्र आठच्या आधी लावू नका.

आवाजासाठी प्रोजेक्टरचा आतला स्पीकर विसरा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोन स्पीकर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला. मूळ ध्वनी एकाच वाहिनीचा आहे, दोन्हीकडे सारखाच जाऊ द्या. आपली चूक नेहमी बास वाढवण्याची असते. खर्ज वाढला की लाटांच्या आवाजात मिसळतो आणि शब्द बुडतात. शंभर हर्ट्‌झच्या खालचं कमी करा, दोन-तीन हजार हर्ट्‌झच्या आसपास थोडं वाढवा. व्यंजनं तिथे असतात.

वीज गेल्यावर दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखाही बंद पडतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. वीज आली की लगेच सुरू केला तर दिवा उडण्याची शक्यता असते. दहा मिनिटं थांबा. खरा उपाय म्हणजे घरचा इन्व्हर्टर. प्रोजेक्टर ३०० वॉट आणि स्पीकर १०० वॉट धरले, तर १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी दोन तास सहज देते. चित्रपट दीड तासाचा आहे. पंखा आणि फ्रीज मात्र त्यावरून काढा.

पहिल्या पावसानंतर खेळ ठेवलात तर पंखवाले किडे प्रोजेक्टरच्या झोतावर तुटून पडतात. तीस-चाळीस फूट लांब एक उघडा बल्ब खेळाच्या आधी अर्धा तास लावून ठेवा. आणि घरी बघण्याची डिस्क म्हणजे जाहीर खेळाची परवानगी नव्हे. फलक लावून, वर्गणी घेऊन खेळ करणार असाल तर हक्कदाराची आणि प्रशासनाची लेखी परवानगी आधी घ्या.

दुपारी रिकाम्या बाजारपेठेत एकटा माणूस चालतोय, असा लघुपट मोबाइलवर करतोय. ‘हाय नून’सारखं पांढरं, भाजणारं आकाश कसं येईल? (कॉलेजची विद्यार्थिनी, मालवण)

त्या काळात काउबॉयपटाचं आकाश म्हणजे गडद आणि त्यावर कापसासारखे ढग, अशी पद्धत होती. कृष्णधवल फिल्मवर लाल फिल्टर लावला की निळं आकाश काळवंडतं. क्रॉस्बीने असले फिल्टर टाळले. त्याला आणि झिनेमनला अमेरिकन यादवी युद्धाच्या जुन्या छायाचित्रांसारखं, कोरडं आणि सपाट चित्र हवं होतं. आकाश पांढरंफटक झालं आणि केनला आसरा देईल असं काही वर उरलं नाही.

तुम्ही रंगीत चित्रण करा आणि नंतर कृष्णधवल करा. तसं करताना प्रत्येक रंगाची सरकपट्टी मिळते. त्यात निळा वाढवा, आकाश पांढरं होईल. जांभ्याची भिंत गडद हवी असेल तर लाल कमी करा, पण जपून, कारण माणसाची त्वचाही त्यातच काळवंडते. चित्रण करताना चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं प्रमाण, लॉक करा. नाहीतर माणूस सावलीत गेला की आकाश आपोआप बदलतं आणि दोन तुकडे जुळत नाहीत.

मोबाइलच्या चित्रणात आणखी एक गोष्ट हमखास बिघडते. भर उन्हात मोबाइल शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही खाली नेतो आणि चाल तुटक, थरथरती दिसते. २५ चित्रांच्या वेगाला शटर १/५० हवं. त्यासाठी भिंगावर चिकटणारा ‘एनडी ६४’ काळा फिल्टर लागेल. चालण्यावर उभ्या असलेल्या लघुपटाला तो घ्यायलाच हवा.

वेळेबद्दल. तुमच्याकडे ५ मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, पण बारा वाजता नाही. आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) रेखांशावर चालतं आणि मालवण त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. त्यामुळे सावली पायाखाली जाते ती १२ वाजून ३३ मिनिटांनी. बाराला माणसाची वीतभर सावली पश्चिमेला पडलेली असते. घड्याळात बारा दाखवून लगेच बिनसावलीचा माणूस दाखवलात तर आपल्या भागातला जाणकार ते पकडेल. एक तर घड्याळात साडेबारा करा, नाहीतर वीतभर सावली राहू द्या. आम्हाला विचाराल तर सावली ठेवा. पूर्ण डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि चेहरा वाचता येत नाही. टोपी असेल तर तीन बाय दोन फुटांचं थर्माकोल छातीच्या खाली धरा, तेवढा उजेड डोळ्यांत जातो.

केन रस्त्यावर एकटा उभा आहे आणि कॅमेरा क्रेनवर मागे मागे, उंच जातो, ती जागा तुम्हाला हवी असणार. ड्रोनला परवानग्या लागतात, आणि त्याच्या आवाजाने दुकानदार बाहेर येतात. एखाद्या माडीच्या गॅलरीतून, बारा-पंधरा फुटांवरून, स्थिर चित्र घ्या. आधी रस्त्यावरून चेहरा, मग थेट वरून सगळा रस्ता. परिणामाला हालचाल लागत नाही, लागतो तो आकारातला फरक.

बारा वाजण्याआधीच्या शेवटच्या दोन मिनिटांची जुळणी शिकण्यासारखी आहे. केन मृत्युपत्र लिहितोय, लंबक हलतोय, गावातले चेहरे एकामागून एक येतात, आणि दिमित्री टिओमकिनचं संगीत लंबकाच्या ठेक्यावर चालतं. मग गाडीची शिट्टी. या संकलनालाही ऑस्कर मिळालं. तुम्ही आधी सेकंदाला एक ठोका असा आवाज रेकॉर्ड करा, त्यावर चार-चार ठोक्यांचे तुकडे बसवा, मग तीन-तीन, मग दोन-दोन. ठोका आधी आणि चित्र नंतर. उलट केलंत तर चित्रं पळतात, वेळ पुढे सरकत नाही.

हा चित्रपट कम्युनिस्टांच्या बाजूचा होता म्हणतात. मग कट्टर कम्युनिस्टविरोधी नट जॉन वेनने कूपरचं ऑस्कर कसं घेतलं? (वाचक, चिपळूण)

पटकथाकार कार्ल फोरमन याला चित्रीकरणाच्या काळातच, १९५१ मध्ये, कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे हजर व्हावं लागलं. तो पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होता, पण इतरांची नावं सांगायला त्याने नकार दिला. हॉलिवूडने त्याला वाळीत टाकलं आणि तो इंग्लंडला गेला. शेजारी दारं लावून घेतात, हे त्याने कागदावरही लिहिलं आणि भोगलंही.

कूपर उजव्या विचारांचा. १९४७ मध्ये त्याच समितीपुढे तो समितीला अनुकूल साक्षीदार म्हणून गेला होता, मात्र त्याने कोणाचंही नाव घेतलं नाही. फोरमनवर वेळ आली तेव्हा तो जाहीरपणे त्याच्या बाजूने उभा राहिला, त्याच्या नव्या कंपनीत सामील होण्याचंही ठरलं, आणि दबाव वाढल्यावर त्याने माघार घेतली. आम्हाला कूपर फार प्रिय आहे, पण ही माघार लपवण्यासारखी नाही. आणि तरी त्या दिवसांत तेवढं उभं राहणारेही मोजकेच होते.

१९५३ च्या मार्चमध्ये समारंभ झाला तेव्हा कूपर मेक्सिकोत चित्रीकरणात होता, म्हणून मित्र या नात्याने वेनने बाहुली स्वीकारली. चित्रपट त्याला मुळीच आवडला नव्हता. १९५९ मध्ये त्याने आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने ‘रिओ ब्राव्हो’ केला तो ‘हाय नून’ला उत्तर म्हणूनच. लागोपाठ दोन रात्री हे दोन चित्रपट बघा आणि घरात भांडण होऊ द्या.

कूपरचे आणखी कोणते बघू, कोणत्या क्रमाने? (वाचक, दापोली)

‘हाय नून’नंतर मागे जा. ‘द वेस्टर्नर’ (१९४०) मध्ये वॉल्टर ब्रेनन समोर आहे आणि कूपर चक्क हसवतो. मग ‘मिस्टर डीड्स गोज टू टाउन’ (१९३६), काउबॉयपट नाही, पण साधा माणूस शहरात आला की काय होतं ते यात आहे. ‘सार्जंट यॉर्क’ (१९४१) हे त्याचं पहिलं ऑस्कर. मग पुढे या. ‘व्हेरा क्रूझ’ (१९५४) मध्ये समोर बर्ट लँकेस्टर सतत दात दाखवतो आणि कूपर तोंड मिटून असतो, दोन पद्धती शेजारी शेजारी. शेवटी अँथनी मानचा ‘मॅन ऑफ द वेस्ट’ (१९५८). हा रुंद पडद्याचा आहे, २.३५ : १. प्रोजेक्टरची मांडणी बदला. यात हिंसा बोचरी आहे, लहान मुलांबरोबर बघू नका.

त्याचा शेवट कसा झाला? (वाचक, वेंगुर्ला)

१९६० मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, पण आजार पसरत गेला. त्यानंतरही तो लंडनला जाऊन ‘द नेकेड एज’मध्ये काम करून आला, तो शेवटचा चित्रपट. १९६१ च्या एप्रिलमध्ये त्याला मानद ऑस्कर दिलं तेव्हा ते घ्यायला जेम्स स्टुअर्ट उभा राहिला आणि बोलताना त्याचा आवाज भरून आला. कूपर किती आजारी आहे हे जगाला त्या आवाजावरून कळलं. १३ मे १९६१ रोजी तो गेला, साठावा वाढदिवस होऊन सहा दिवस झाले होते.

‘हाय नून’ ८५ मिनिटांचा आहे असं तुम्ही लिहिलं. आमची डिस्क साडेएक्क्याऐंशी मिनिटांत संपते, आणि उतरवून घेतलेली मराठी उपशीर्षकं शेवटी शेवटी फारच उशिरा येतात. काही कापलंय का? (वाचक, राजापूर)

काहीही कापलेलं नाही. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला. आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर तो सेकंदाला २५ चित्रांनी धावतो. ८५ ला २४ ने गुणून २५ ने भागा, ८१.६ येतात. तुमची डिस्क बरोबर आहे. फक्त सगळे किंचित घाईत आहेत, आणि आवाजाची पट्टी बदलून घेतलेली नसेल तर पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या सत्तर टक्के इतकी ती वर चढली आहे. कूपरचा खर्ज त्यामुळे थोडा पातळ वाटेल.

उपशीर्षकं २४ च्या वेगाने बनवलेली आहेत, म्हणून सुरुवातीला जुळतात आणि शेवटी साडेतीन मिनिटं मागे पडतात. व्हीएलसीतल्या ‘जी’ आणि ‘एच’ या कळा सगळी उपशीर्षकं एकदम पुढेमागे सरकवतात, त्याने हा दोष जात नाही. उपशीर्षकं संपादित करण्याच्या कुठल्याही मोफत प्रोग्राममध्ये ‘फ्रेम रेट’ बदलण्याची सोय असते, तिथे २४ चं २५ करा. साठवताना ‘यूटीएफ-८’ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन येतील. फाइलचं नाव चित्रपटाच्या फाइलीसारखंच ठेवा. मग शेवटच्या प्रसंगावर जाऊन तपासा. गावकरी गोळा झालेत, केन छातीवरचा बिल्ला काढून धुळीत टाकतो आणि बायकोबरोबर घोडागाडीत बसतो. तिथे तो एक शब्दही बोलत नाही. त्या वेळी खाली संवादांची अक्षरं उमटत असतील, तर उपशीर्षकं अजून मागेच आहेत.